पोटाची नोकरी आणि सम्यक आजीविका

वकिलाकडे माणूस येतो तो नोकरी मिळावी, टिकावी किंवा गेलेली परत मिळावी म्हणून. जातवैधता, बिंदुनामावली, रखडलेली पदोन्नती, निलंबन, अनुकंपा नियुक्ती ही आमच्या टेबलावरची रोजची प्रकरणे. पण अलीकडे समाजातील काही तरुण-तरुणी कामाचे बोलणे संपल्यावर, कागद पिशवीत भरता भरता, एक वेगळाच प्रश्न विचारतात. "सर, नोकरी आहे, पगारही वेळेवर होतो. पण जे करतो ते पटत नाही. सोडावी का?"

हा प्रश्न ऐकला की आमच्या पिढीतील पुष्कळ कार्यकर्ते चिडतात. आम्ही एकेका जागेसाठी मोर्चे काढले, अनुशेष भरा म्हणून मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि या पोरांना मिळालेली भाकर कडू लागते, असे त्यांचे म्हणणे. चीड समजण्यासारखी आहे. सरकारी जागा आटल्या, जिथे आरक्षण होते तिथे कंत्राटदार बसला, आणि खाजगी क्षेत्राने आपल्यासाठी दार कधी पूर्ण उघडलेच नाही. अशा दिवसांत हातची नोकरी सोडण्याची भाषा चैनीची वाटते. तरीही आमचे मत असे की हा प्रश्न चैनीचा नाही, आणि बाहेरून आलेलाही नाही. तो या चळवळीच्या अगदी मुळाशी आहे.

विचारणारे कोण आहेत ते पाहा. एक तरुण एका खाजगी वित्त कंपनीसाठी महिला गटांचे हप्ते वसूल करतो. ज्या वस्तीत त्याची आई धुणीभांडी करून वाढली तशाच वस्तीत संध्याकाळी जाऊन दार वाजवतो. दुसरा एका महापालिकेत लिपिक आहे. झोपड्या पाडण्याच्या नोटिसा त्याच्या हाताने टाईप होतात. तिसरी आमच्याच व्यवसायातील. ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करणारी मुलगी. त्यांनी ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात आरोपींचे वकीलपत्र घेतले आणि हिला सांगितले, फिर्यादी बाई तुमच्यापैकीच आहे, तुझे ऐकेल, जरा समजावून बघ. चौथा हिंजवडीत संगणक अभियंता. त्याच्या कामाने कोणाचे काही बिघडत नाही. त्याला फक्त हे सगळे कशासाठी, असे वाटते.

या चौघांचे दुखणे एक नाही, आणि आपल्याकडे गफलत होते ती चौघांना एकच औषध देण्यात. अभियंत्याचे उत्तर सोपे आहे. कामात जीव रमत नसेल तर काम चुकीचे ठरत नाही. बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले ते घर चालावे म्हणून. त्याच वर्षांत बहिष्कृत हितकारिणी सभा चालली, महाडचे पाणी पेटले, 'बहिष्कृत भारत' निघाला. त्या वर्गांत जीवनाचा अर्थ सापडत नाही म्हणून ते खिन्न बसले नाहीत. अभियंत्याने पगार घ्यावा, आईवडिलांना सुखात ठेवावे आणि शनिवार-रविवारी वस्तीतील दहावीच्या मुलांना गणित शिकवावे.

बाकीच्या तिघांचे तसे नाही.

धम्मात अष्टांगिक मार्गाचे एक अंग सम्यक आजीविका हे आहे. २२ प्रतिज्ञांतील अष्टांगिक मार्गाची प्रतिज्ञा आपण दरवर्षी उच्चारतो, पण या अंगावर विहारात प्रवचन क्वचितच होते. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. ही यादी वाचून आपला नोकरदार निर्धास्त होतो, कारण तो यातले काहीच विकत नाही. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी सम्यक आजीविकेची ओळख करून देताना यादी दिली नाही, कसोटी दिली. ज्या मार्गाने दुसऱ्याला इजा होते अथवा दुसऱ्यावर अन्याय होतो तो उपजीविकेचा वाईट मार्ग, असे ते सांगतात. यातील 'अन्याय' हा शब्द आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. तो शब्द आला की प्रश्न दुकानात काय विकता एवढ्यापुरता उरत नाही. लिपिकाचे टेबल, वकिलाचे वकीलपत्र, वसुलीवाल्याची दुचाकी, सारेच त्या कसोटीखाली येते.

वसुली करणाऱ्या तरुणाला ही कसोटी लावून पाहू. कर्ज देणे आणि परत घेणे यात मुळात अन्याय नाही. अन्याय पद्धतीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या १४ मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार सूक्ष्म कर्ज घेणाऱ्याला सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकावणे, अपशब्द वापरणे, नातेवाईकांना आणि सहकाऱ्यांना त्रास देणे यांना मनाई आहे. हप्ता आधी ठरलेल्या ठिकाणी घ्यायचा असतो, आणि कर्जदार तिथे लागोपाठ दोन वेळा आला नाही तरच घरी जाता येते. कुटुंबाच्या सर्व कर्जांची मिळून परतफेड मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये, असेही बंधन आहे. कंपनीने त्याला प्रशिक्षणात यातले काय सांगितले, असे आम्ही विचारले. टार्गेट सांगितले, असे उत्तर आले. आम्ही त्याला निर्देशांची प्रत दिली. आता तो रात्रीची दारे वाजवत नाही, बायकांना त्यांचे हक्क सांगतो, आणि त्याचे टार्गेट हुकते. त्याला एक ताकीदपत्र मिळाले आहे. पुढचे पत्र आले की आम्ही त्याच्या बाजूने उत्तर देऊ. नोकरी जाईलही. पण ती जाईपर्यंत त्या खुर्चीवर नियम पाळणारा माणूस बसला आहे, हे त्या बायकांसाठी थोडे नाही.

म्हणजे सोडणे हा एकच मार्ग नाही. पुण्यातील दारूगोळा संशोधन प्रयोगशाळेतील प्रसंग चळवळीतील जुन्या माणसांना पाठ आहे. साठच्या दशकात तिथे बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. राजस्थानातून आलेल्या दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला आणि त्याची नोकरी धोक्यात आली. तो भांडला आणि भांडून नोकरीत परत आला. त्याच्या पाठीशी उभे राहिलेल्या कांशीरामांनी मात्र पुढे ती नोकरी कायमची सोडली. एकाच कार्यालयातील दोघांनी दोन वेगळे निर्णय घेतले, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही. पुढे ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ उभी राहिली ती नोकरी न सोडणाऱ्यांच्या वेळेवर, पैशावर आणि बुद्धीवर. नंतर तिच्या किती चिरफळ्या झाल्या हे वाचकांना सांगायला नको.

पण आत राहण्यालाही हिशेब लागतो. बाबासाहेबांचा कायदेमंत्रिपदाचा राजीनामा या दृष्टीने पुन्हा वाचावा. २७ सप्टेंबर १९५१ चा तो राजीनामा. त्यानंतरच्या निवेदनात त्यांनी कारणे सांगितली आहेत. नियोजनाचे खाते हवे होते, ते मिळाले नाही. मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र व्यवहार, संरक्षण यांसारख्या मुख्य समित्यांवर घेतले नाही. अनुसूचित जातींकडे सरकारचे दुर्लक्ष पटत नव्हते, परराष्ट्र धोरण पटत नव्हते. राजीनाम्याचा विचार बरेच दिवस मनात होता. तरी ते थांबले, कारण हिंदू कोड बिल मंजूर होईल अशी आशा होती. त्यासाठी त्यांनी विधेयकाचे तुकडे करून केवळ विवाह आणि घटस्फोटाचा भाग आधी घेण्यालाही मान्यता दिली. तोही भाग सोडून देण्यात आला तेव्हा ते बाहेर पडले. आपले लोक हा प्रसंग बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि तो बाणेदारपणा होताच. आम्हाला त्याआधीचे थांबणे तितकेच मोलाचे वाटते. एका ठरावीक कामासाठी ते अपमान गिळून आत राहिले. ते काम होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर आत राहण्याचे कारण संपले. आपल्या किती अधिकाऱ्यांना सांगता येईल की आपण कोणत्या कामासाठी आत आहोत? विचारले तर बहुतेक जण निवृत्तीची तारीख सांगतील.

खैरलांजीचे नाव इथे घ्यावेच लागते. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. नंतर पोलीस तपासापासून वैद्यकीय तपासणीपर्यंतच्या साखळीत आपल्याच समाजातील अधिकारी होते, हे आनंद तेलतुंबडे यांनी आपल्या पुस्तकात नोंदविले आहे. त्या खटल्यात ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही, याचे दुःख आजही ताजे आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा होऊ शकते, पण ते कलम अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकापुरतेच आहे. आपला माणूस खुर्चीत बसून कागद फिरवत असेल तर कलम ४ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कायद्याने ही जागा का सोडली असावी ते आपण समजू शकतो. दलित अधिकारी दलितावरील अत्याचार दाबणार नाही, असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे. हे गृहीतक आपण खरे ठरवले का?

ज्या लिपिकाला नोटिसा टाईप करताना मळमळते त्याला आम्ही म्हणूनच सांगितले की ती मळमळ मरू देऊ नकोस. ती गेली की तूही त्या साखळीतला एक झालास. त्याच्या हातात काही गोष्टी आहेत. राज्याच्या नागरी सेवा वर्तणूक नियमांचे तत्त्व असे की वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी आदेश आला तर तो लेखी मागावा. साहेब तोंडी म्हणाले, उद्याच पाडा, मुदत बघू नका, तर नम्रपणे लेखी मागायचे. निम्मे बेकायदा आदेश लेखी मागितल्याबरोबर विरतात, हा आमचा अनुभव आहे. फाईलवर खरी टिपणी लिहायची. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे आणि अपिलाची मुदत किती, हे विचारायला आलेल्या माणसाला सांगायचे. ते गुपित नाही. यात क्रांती नाही हे आम्हालाही कळते, पण पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या वस्तीला स्थगितीसाठी चार दिवस मिळाले तर त्याचा अर्थ त्या वस्तीला विचारावा.

वकील मुलीला मात्र आम्ही वेगळे सांगितले. आरोपीला वकील मिळाला पाहिजे, हे संविधानाचे तत्त्व आहे आणि आम्ही ते मानतो. पण फिर्यादी बाईच्या घरी जातीच्या नात्याने जायचे, चहा प्यायचा आणि तिची साक्ष फिरवायची, याला बचाव म्हणत नाहीत. तिथे तिची जातच हत्यार म्हणून वापरली जात होती. ते काम एक दिवसही करू नये. तिने केले नाही. त्या कार्यालयातून ती बाहेर पडली.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो. बाहेर पडून ती गेली कुठे? लोणावळ्याच्या शिबिरात सम्यक आजीविकेवर बोलणे सोपे आहे. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, घरात बहीण लग्नाची आहे, आणि ज्याच्या नात्यात पगार म्हणजे काय हे सांगणारा तोच पहिला, त्याने एकट्याने नोकरी सोडायची म्हणजे घर बुडवायचे. आपल्या समाजाने चुकीचे काम सोडण्याचा सर्वांत मोठा निर्णय घेतला तेव्हा तो एकेकट्याने घेतला नव्हता. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. गावोगाव पंचायती बसल्या आणि गावेच्या गावे त्या कामातून बाहेर पडली. किंमत पडलीच. बहिष्कार आले, दळण बंद झाले, वाटा अडवल्या गेल्या, मारहाणी झाल्या. पण मार बसला तो सगळ्यांना मिळून, आणि उपास पडला तोही सगळ्यांना मिळून.

त्या वेळीही तोट्याचा हिशेब मांडणारे होतेच. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचा समाचार घेतला आहे. गावात वर्षाला पन्नास ढोरे मरतात, कातडी-शिंगे-हाडांचे पाचशे रुपये होतात, ते उत्पन्न बुडेल, असा 'केसरी'तील पत्रलेखकाचा युक्तिवाद होता. मग हे काम तुम्हीच करा आणि तो नफा घ्या, वर पाचशे रुपये मी देतो, असे त्यांचे उत्तर होते. हा किस्सा आपण टाळ्यांसाठी सांगतो. पण त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची व्यवस्था मागितली, पोलिसात आणि सैन्यात भरतीसाठी भांडले, वसतिगृहे काढली, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सोडा म्हणणाऱ्याने पुढे काय, याची जबाबदारी उचलली होती. जुलै २०१६ मध्ये उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली, त्यानंतर गुजरातमधील दलितांनी जनावरे उचलण्याचे काम सोडण्याची शपथ घेतली, आणि त्याच दमात प्रत्येक कुटुंबाला पाच एकर जमीन मागितली. तेही हेच शहाणपण होते. जे काम महाडच्या लोकांनी बहिष्कार सोसून सोडले ते अनुसूचित जातीच्या माणसाकडून करवून घेणे २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. आधी माणसांनी सोडले, कायदा ८९ वर्षांनी आला.

याच संदर्भात लाड-पागे समितीच्या शिफारशींकडे पाहावे. सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी, अशी ही तरतूद. शासनाने २४ फेब्रुवारी २०२३ ला याबाबत एकत्रित निर्णयही काढला. मेहतर, वाल्मिकी आणि आपल्या बौद्ध कुटुंबांनाही तिचा आधार आहे. एम.ए. झालेला मुलगा बापाचा झाडू हातात घेतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे आम्हाला कोणी सांगायला नको. त्याने ती नोकरी घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. कायम पगार, निवृत्तीनंतरचे चार पैसे, आणि दुसरीकडे कंत्राटदाराची पिळवणूक, यात निवड कसली? पण चळवळीने या तरतुदीला विजय म्हणून मिरवू नये. पिढीजात काम, पिढीजात हक्क, यालाच पूर्वी वतन म्हणत. ते १९५८ च्या कायद्याने गेले. शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणेच पद मिळाले पाहिजे, या मागणीसाठी कामगार संघटनांनी बसले पाहिजे. आणि गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद असताना मृत्यू होतातच, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला भरपाई २०१४ मधील १० लाखांवरून २०२३ मध्ये ३० लाखांवर न्यावी लागली. भरपाईचा आकडा वाढतो आणि चेंबरचे झाकण उघडेच राहते.

नोकरी सोडू पाहणाऱ्यांना जाता जाता वकील म्हणून एक सांगतो. बॉण्डला घाबरून पुष्कळ मुले अडकून पडतात. बॉण्ड मोडल्यास कंपनी भरपाई मागू शकते, आणि करार वाजवी असेल तर न्यायालय ती देतेही. म्हणून सही करण्यापूर्वी कोणाला तरी दाखवा. पण कोणत्याही करारावर माणसाला जबरीने कामावर बसवता येत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली असतील तर गप्प बसू नका.

त्या वकील मुलीला आम्ही आमच्या कार्यालयात एक टेबल दिले आहे. प्रकरणे थोडी आहेत, त्यातलीही निम्मी फुकटची. तालुक्याच्या न्यायालयात जायचे एसटीचे भाडे तिला जड जाते. आमच्या एकट्याच्या कार्यालयाने अशी किती टेबले द्यावीत? म्हणून आम्ही आमच्या भागातील विहार समितीपुढे लेखी प्रस्ताव ठेवला आहे. जयंतीच्या वर्गणीतील दहावा हिस्सा वेगळा काढावा. अन्यायाचे काम नाकारल्यामुळे ज्याची रोजी गेली त्याला सहा महिने बिनव्याजी उसने द्यावेत. निवृत्त अधिकारी, बँकेतील मंडळी आणि वकील यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसावे, म्हणजे कोणाला एकट्याने निर्णय घ्यावा लागणार नाही. समितीत दोन आक्षेप आले. पहिला, याचा गैरफायदा घेतला जाईल. त्यासाठी पाच जणांची छाननी समिती सुचवली आहे आणि त्यात किमान दोन महिला असाव्यात असे लिहिले आहे. दुसरा आक्षेप डीजेच्या बजेटचा. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही. वर्षावास संपण्यापूर्वी बैठक घ्यावी, असे आम्ही अध्यक्षांना कळविले आहे.